परक्यांचे देव, माझे बैल

७ मार्च १९७९

भैय्याजी आला फटफटीवर, मांडीवर भूत घेऊन!

वीतभर उंच लाकडी बाहुलं. हिरवं तोंड, चौकोनी डोळे, नाकाच्या जागी चोच, डोक्यावर पिसं. बाबांनी चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला.

"हे कोन व्हय?"

"देव आहे, रूपराव. अमेरिकेत रेड इंडियन लोक असतात, त्यांचा. कचिना म्हणतात याले."

"इंडियन? मंग आपलेच म्हणा ना."

"आपले नाई हो. तिकडचे."

"मंग इंडियन काऊन म्हणतात?"

भैय्याजी थेट धंद्यावर आला. त्याचं वर्ध्याला हस्तकलेचं दुकान. इकडचा माल मुंबईला, तिथून बाहेरदेशी. आता म्हणे अमेरिकेतल्या कोण्या दुकानदाराला असे चाळीस देव पाहिजेत, दिवाळीपर्यंत. अमेरिकेचे देव सेलूला कोरून परत अमेरिकेला! एवढा फेरा आर्वीची एसटीसुद्धा मारत नाही.

"पण हात तुमचाच पाह्यजे, मिस्त्री. तान्ह्या पोळ्याचा तुमच्यासारखा लाकडी बैल अख्ख्या जिल्ह्यात कोनी करत नाई."

बाबांनी मोठेपणानं मान हलवली. मी चहा घेऊन उभी होते. ज्या हाताची तारीफ चालली होती त्या हातात कपबशी होती.

८ मार्च

लिहूनच टाकते, नाहीतर पोट फुटेल.

बाबांचे हात थरथरतात. तीन वर्षं झाली. चहा तोंडात कमी, धोतरावर जास्त. त्या साली पोळा जवळ आला, पोरांचे बैल अर्धवट पडलेले, अन् बाबांची पटाशी लाकडाऐवजी अंगठ्यात. मग मीच घेतली हातात. लहानपणापासून पाहत आले होते. मधे सहा वर्षं पुलगावला नवऱ्याच्या घरी भाकरी थापल्या, पण हात विसरला नव्हता. (नवऱ्यानं दुसरी आणली. मी रुख्मिणीला कडेवर घेतलं अन् सेलूला आले. एवढाच इतिहास.)

तेव्हापासून मागच्या खोलीत बैल मी कोरते. बाबा पुढच्या ओट्यावर वाकस घेऊन बसतात. कोणी दिसलं की लाकडावर ठकठक. नाटक कंपनीत असते तर नाव काढलं असतं!

बाईनं हत्यार धरलं की लाकूड फाटतं म्हणतात. माझं अजून एकही फाटलं नाही. बाबांचं फाटायचं.

२ एप्रिल

देवांचं काम सुरू. भैय्याजीनं नमुन्यासोबत रंगीत फोटोही दिलेत, बारा तऱ्हांचे. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलं. बैल कोरणाऱ्याला देव सोपा. पाय दोनच.

सगळ्यांना नावं ठेवली. चोचवाला तहसीलचा बाबू. मडक्यासारखं डोकं अन् त्यावर गोळे-गोळे, तो भैय्याजी. एक बाई आहे, केसांची दोन चाकं दोन्ही कानांवर. ती मनकर्णा, म्हणजे मी. दुसरी कोण असणार!

मी एकटीच हसत होते. बाबा म्हणाले, "देवाले हसू नाई, पोरी."

"आपला थोडीच आहे?"

"कोनाचा तरी आहे ना."

३ एप्रिल

तहसीलच्या बाबूची चोच तुटली. फार बरं वाटलं.

१९ मे

असलं ऊन की रंग ब्रशवरच वाळतो.

चटईवर मोजले तर एक देव कमी. 'मनकर्णा' गायब. सापडली रुख्मिणीच्या उशाखाली, माझ्या जुन्या चोळीच्या चिंधीत गुंडाळलेली.

"चोट्टे! आपल्याच घरी चोरी?"

पोरगी दहा वर्षांची, पण जीभ चाळीसची. "तू सारे बैल पोराइले करतं. मले काय करतं?"

काय सांगू! तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचे बैल सजवून मिरवतात, घरोघर खाऊ मिळतो. पोरी दारात उभ्या राहून पाहतात. मीही तशीच उभी राहिले. माझा बाप सगळ्या गावाचे बैल करायचा अन् मी दारात.

दुसरी कोरीन. ती राहू दे तिच्याजवळ.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. जे झालं ते लिहायलाच पाहिजे.

रुख्मिणी मिरवणुकीत घुसली! मारुतीच्या पाराजवळ पोरांची रांग, बैलांना झुली, बेगडी. मधेच आमची पोरगी, पाटाला सुतळी बांधलेली अन् पाटावर ती कानांवर चाकंवाली. पोरं ओरडली, "पोरगी आली! पोरगी आली!" एकाचा बारका भाऊ बाहुलं पाहून जो रडायला लागला तो थांबेना.

जुने सरपंच किसनराव पारावर बसले होते. "हे काय व्हय, रूपराव? नातीच्या हाती भूत काऊन देल्लं?"

बाबा म्हणाले, "भूत नाई. अमेरिकेचा देव."

"मंग अमेरिकेत मिरव म्हना."

सगळे हसले. रुख्मिणी पाट ओढत शेवटपर्यंत गेली. खाऊ कोणीच दिला नाही. घरी येऊन रडली नाही, फक्त विचारलं, "आई, अमेरिकेत पोळा असते काय?"

६ ऑक्टोबर

भैय्याजी उड्या मारत आला. वर्ध्याला शांतीचं कसलंसं संमेलन आहे, देशोदेशीची माणसं आलीत. त्यात एक अमेरिकेची बाई! परवा तिला आमच्याकडे आणतो म्हणे. "मेमसाब खूश झाली तं चाळीसचे चारशे होतीन!"

शेजारची मंदाबाई विचारून गेली, मेम खाली बसते का खुर्ची लागते. खुर्ची शाळेतून आणली.

८ ऑक्टोबर

अर्धी आळी दारात. जीप थांबली. भैय्याजी उतरला. मग आश्रमातला प्रेमदास उतरला, इंग्रजी येतं म्हणून बोलावलेला. मग एक बाई उतरली. सगळे तिच्या पाठीमागून जीपमध्ये वाकून पाहू लागले, मेम कुठं आहे?

तीच मेम!

सावळी. रुंद चेहरा, पन्नाशीची, काळे केस मागं बांधलेले. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली रुख्माबाई झगा घालून आली असती तर अशीच दिसली असती. मंदाबाई मोठ्यानं म्हणाली, "हे तं आपल्यातलीच दिसून राह्यली व! खुर्ची कायले आनली?"

भैय्याजीचं तोंड पडलं. तरी हात जोडत पुढं झाला, "कम, कम, मॅडम."

अंगणात चटईवर चाळीस देव रंग वाळायला ठेवलेले. बाई चार पावलं आली अन् थांबली. चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग ती प्रेमदासला हळू काही म्हणाली. प्रेमदासनं घसा साफ केला.

"या एडिथबाई. म्हणतात, मी होपी आहे, त्याच रेड इंडियन लोकांतली. हे आमचे आहेत."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. कोणी सांगितलं नव्हतं.

बाई खुर्ची सोडून चटईशेजारी मातीत बसली. एकालाही हात लावला नाही, नुसती एकेक पाहत गेली. भैय्याजीला वाटलं तिला शंका आहे. लगबगीनं नमुना पुढं केला. "ओरिजनल, मॅडम! ओरिजनल पाहून केले!"

तिनं नमुना उलटा केला. तळाला कागदाचा फाटका तुकडा चिकटलेला होता, आम्ही कधी नीट पाहिलाच नाही. तिनं वाचला. प्रेमदासनं वाचला. "हाँगकाँग."

अन् बाई हसली! पोट धरून! आम्ही सहा महिने नकलेची नक्कल करत होतो. मग मलाही हसू फुटलं. दोघी हसत राहिलो, भैय्याजी मधे उभा.

मग तिनं विचारलं, "कोरले कोणी?"

"मी," बाबा म्हणाले. तीन वर्षांची सवय.

तिनं बाबांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. टोपी थरथरत होती. मग माझ्या बोटांकडे पाहिलं. हिरवा रंग, पटाशीचे ओरखडे. पुढचं सगळं माझ्याकडे तोंड करून बोलली.

भैय्याजीनंही पाहिलं. त्याचे डोळे बारीक झाले.

ती सांगत होती, प्रेमदास अडखळत मराठी करत होता. यांचे देव सहा महिने गावात असतात, सहा महिने डोंगरावर. (मी म्हटलं, आमच्याकडे नवरे असतात तसे. प्रेमदासनं ते इंग्रजीत केलं नाही.) हे लाकडी म्हणजे देव नव्हे, अन् खेळणंही नव्हे. त्याला तिहू म्हणतात. पुरुष कोरतात, पण मिळतं पोरींना. पोरींनाच!

मी मागं वळून रुख्मिणीला शोधलं.

तेवढ्यात रुख्मिणी आपली बाहुली घेऊन पुढं. एडिथबाईनं विचारलं, तुला कोणी दिली?

"चोरली," रुख्मिणी म्हणाली. मग एकेकाकडे बोट दाखवून सुरूच झाली, "हा तहसीलचा बाबू, हा भैय्याजी..." मी तिचं तोंड दाबायला धावले. पण प्रेमदास लाल होत होत सांगून मोकळा झाला.

बाई चिडली नाही. म्हणाली, "आमच्यातही फजिती करणारे सोंगाडे असतात, मोठ्यामोठ्यांची करतात. त्याचं वाईट वाटत नाही."

"मंग कायचं वाटते?" मी विचारलं.

"माझे काका कोरतात, तेव्हा कोणत्या पोरीसाठी ते त्यांना माहीत असतं. आमच्यातले काही जण विकतातही. ते आमचं घरातलं भांडण आहे. पण हे तुम्ही कोरले अन् खपणार आमच्या नावावर. कोरणाऱ्याचं नाव कुठं आहे?"

जाताना तिनं दारातला माझा अर्धवट बैल उचलून शिंगांवरून बोट फिरवलं. मग रुख्मिणीच्या बाहुलीकडे पाहून म्हणाली, ही तिची आहे, राहू दे. फक्त हिला आमचं नाव देऊ नका.

९ ऑक्टोबर

कोरणाऱ्याचं नाव कुठं आहे? बाईला ठाऊकही नसेल तिनं कुठं बोट ठेवलं ते.

११ ऑक्टोबर

भैय्याजीला माल देणार नाही असं सांगितलं. रंगाचे डबे उरलेले होते तेही त्याच्या पायाशी ठेवले.

"तू कोन सांगनारी? मिस्त्रीइले बोलू दे!"

बाबांना पटलेलं नव्हतं, मला माहीत होतं. काल दिवसभर म्हणत होते, शब्द देल्ला आहे, शब्द देल्ला आहे. पण आज भैय्याजीसमोर एवढंच म्हणाले, "ते म्हनते तसं."

भैय्याजी फटफटीवर बसला, किक मारली, अन् मग सावकाश बोलला. "त्या दिवशीच समजलो मी. हात कोनाचे अन् नाव कोनाचं. आता सारं सेलू समजीन. बाईच्या हातचा नंदी पोराच्या हाती कोन देईन, पाहू."

फटफटी सुरू झाली नाही. तीन किका मारल्या. पण मला हसू आलं नाही.

१३ ऑक्टोबर

तीन घरांतून बैल परत आले. मागल्या दोन सालांचे. एकाचं शेपूट तुटलेलं. तेही माझ्यामुळं का?

किसनरावांनी उद्या बाबांना पारावर बोलावलं आहे. खरं-खोटं करायला.

१४ ऑक्टोबर

बाबा सकाळपासून नवीन टोपी घालून बसले होते. म्हणाले, "मी म्हनीन मीच करतो. मारुतीसमोर म्हनीन. मले या वयात कोन पाप लावते?"

मी म्हटलं, नका म्हणू. म्हणाले, मग खाशील काय अन् पोरीला घालशील काय?

पारावर ही गर्दी. भैय्याजी पान खात एका बाजूला. किसनराव म्हणाले, "बोला, रूपराव. बैल कोन करते?"

"मीच."

किसनराव माणूस वाईट नाही, पण सरपंचकी गेल्यापासून न्याय द्यायला भुकेलेला. त्यांनी लाकडाचा तुकडा अन् वाकस मागवून बाबांपुढं ठेवला. "करून दाखवा मंग. बात खतम."

बाबा बसले. लाकूड पायात धरलं, वाकस उचलला. हात असा हलत होता की पात्याचं ऊन समोरच्या लोकांच्या तोंडावर नाचत होतं. पहिला घाव हवेत. दुसरा लाकडाच्या कडेला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा वाकस थेट त्यांच्या नडगीवर येणार हे मला दिसलं.

मी पारावर चढले. बायका पारावर चढत नाहीत. चढले. बाबांच्या हातातून वाकस काढून घेतला.

"उठा बाबा. इथी ऊन लागते."

मग मीच बसले. पदर खोचला. काय काय बोलत होते लोक, मला आठवत नाही. लाकूड चांगलं होतं. आधी पाठ काढली, मग मान. मग खांद्यावरचा उंचवटा. कोणीतरी चहा आणला, कोणासाठी माहीत नाही, मी प्यायले. सूर्य देवळाच्या कळसावर आला तेव्हा बैल उभा राहिला. रंग नाही, चाकं नाहीत, पण बैल.

किसनरावांनी हातात घेतला, फिरवला, नाकाला लावून पाहिला. का, ते त्यांनाच ठाऊक.

गर्दीतून रुख्माबाई भाजीवाली म्हणाली, "तरीच म्हनलं! तीन सालापासून बैल हसून राह्यले. मले वाटे रूपराव म्हातारपनी पिऊन राह्यला!"

सगळा पार हसला. भैय्याजीसुद्धा हसला अन् मग त्याला आठवलं की त्यानं हसायचं नाही.

न्याय काही झालाच नाही. किसनराव म्हणाले, "शिंगं बरी जमली," अन् बैल काखेत मारून घरी घेऊन गेले. परत दिला नाही.

मी आनंदात मागं वळले तर बाबा नव्हते. टोपी पारावर पडलेली.

१६ ऑक्टोबर

बाबा बोलत नाहीत. ताट ठेवलं की जेवतात. बस.

१९ ऑक्टोबर

आजही नाही. ओट्यावर बसत नाहीत. ठकठक नाही तर घर कसं ओसाड वाटतं! मी त्यांना पडण्यापासून वाचवलं की चार लोकांत पाडलं? वाकस काढून घेताना बोटं घट्ट होती त्यांची. मी एकेक सोडवली. ते कोणी पाहिलं नसेल. फक्त त्यांनी अन् मी.

२४ ऑक्टोबर

आज मागच्या खोलीत करवतीनं ओंडका कापत होते. ओंडका सरकत होता, मी शिव्या घालत होते. बाबा आत आले. समोर बसले अन् ओंडका दोन्ही पायांत धरला. लोखंडी शिकंज्यात धरावा तसा पक्का.

"हात थरथरतात," म्हणाले, "पाय नाई."

मी कापत राहिले. भुसा डोळ्यांत गेला असं सांगितलं.

ओंडका कापून झाला तेव्हा म्हणाले, "त्या दिवशीच्या बैलाचं डावं शिंग तिरपं होतं. किसन्याले काय समजते!"

५ नोव्हेंबर

चाळीस देवांचं काय करायचं? जाळायला मन होईना, ठेवायलाही. भैय्याजीनं दोनदा माणूस पाठवला.

बाबांनी उपाय काढला. रंग खरवडला, तोंडं तासली. राहिली ती गोल लाकडं. त्यांच्या चकत्या पाडल्या. बैलांना चाकं लागतातच. चोचवाला बाबू सगळ्यात आधी कापला!

रुख्मिणीच्या बाहुलीला हात लावला नाही. तिनं तिचं नाव बदललं आहे. काय ठेवलं, सांगत नाही.

१० सप्टेंबर १९८०

तान्हा पोळा. हिशेब असा की निम्म्या घरांनी बैल वर्ध्याहून आणले, निम्म्यांनी माझ्याकडून. माझ्या बैलांच्या पोटाखाली यंदा खिळ्यानं 'मनकर्णा' कोरलं. बाबा म्हणाले, "मोठं लिही, चष्म्याशिवाय दिसत नाई."

मिरवणुकीत रुख्मिणी होती, अन् तिच्यामागं मंदाबाईच्या दोन पोरी. तिघींजवळ बैल. पोरं ओरडली. पोरीही ओरडल्या, जास्त मोठ्यानं. खाऊ दोन घरांनी दिला. किसनरावांनी नाही दिला, पण दारात उभे राहून पाहिलं. त्यांच्या मागं कोनाड्यात तो बिनरंगाचा बैल दिसत होता.

बाबा घरी ओट्यावर झोपून गेले होते. उठवून सांगितलं. म्हणाले, "दोन घरं म्हनजे लय झाले."

२ फेब्रुवारी १९८१

एडिथबाईचं पत्र आलं, संमेलनाच्या पत्त्यावरून फिरत फिरत. प्रेमदासनं ओट्यावर बसून वाचून दाखवलं. आधी बर्फ पडल्याचं, मग रुख्मिणीची चौकशी. मग लिहिते, आमच्याकडे बायका कोरत नाहीत, हे तुला सांगितलं होतं. मी कोरायला लागले आहे. तिहू नाही, त्याला हात लावणार नाही. बैल. भाचीसाठी. काकांना अजून माहीत नाही.

प्रेमदास थांबला. म्हणाला, खाली फक्त एक ओळ आहे.

"शिंग रोज तुटतं. तू कसं करते?"